माणूस घरात आहे

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत शिरणाऱ्याच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो "कोणाकडं?" दूधवाल्याच्या कानावर पडायचा, पोस्टमनच्या पडायचा, आणि एकदा तर सासरी पहिलं पाऊल टाकायला आलेल्या नव्या नवरीच्याही पडला होता. ती रिक्षातून उतरून पदर सावरत होती, तेवढ्यात फाटकाआडून विचारणा झाली. बिचारीला नवऱ्याचं नाव घ्यावं लागलं, आणि तेही उखाण्याशिवाय.

विचारणारे गृहस्थ म्हणजे माझे घरमालक. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर. फाटकाच्या आत लोखंडी खुर्ची टाकून, डोक्यावर ओला पंचा ठेवून ते सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसलेले असत. कोर्टात पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशासमोर कागद ठेवायचे आणि साक्षीदारांच्या जबान्या लिहून घ्यायच्या. नोकरी निजामाच्या राज्यात लागली आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर बऱ्याच वर्षांनी संपली. निवृत्त होऊनही पेशकारी काही सुटली नव्हती. सगळी गल्ली त्यांना पेशकार काका म्हणायची. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं, ते तिथंच राहू दे.

"कोणाकडं?" ला "इथंच" हे उत्तर त्यांना चालत नसे. "इथंच म्हंजे कुठं? इथं तर मीबी आहे," असं म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. भाजीवाल्या चाचांचं आणि त्यांचं रोजचं ठरलेलं. चाचा हातगाडी थांबवून म्हणायचे, "पेशकार साब, रोज आता मैं, रोज पूछते आप." काका म्हणायचे, "रोज आते इसलिए पूछता. नहीं आये तो किसको पूछूं?" मेथीच्या जुड्या मोजता मोजता चाचा हसत पुढे जायचे.

मी त्या घरात राहायला आले ती अंबड तालुक्यातल्या एका गावातून. चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. आमच्या घराण्यातल्या मुलीने शहरात एकटीने राहून नोकरी करायची, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, मी महिनाभर विनवलं, मग महिनाभर अबोला धरला. शेवटी ते एक अट घालून कबूल झाले. "येक शबुद वावगा कानावर आला, की गठुडं बांधायचं आन् गावाकडं यायचं. मंग नोकरीचं नाव काढायचं न्हाई." मी हो म्हटलं. मला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नव्हतं. वावगं वागायला वेळ लागतो, आणि माझी बसच सकाळी सातला होती.

काकांनी खोली द्यायच्या आधी माझी जबानीच घेतली. आई-बापाचं नाव, गाव, सामान काय.

"एक पेटी, स्टोव्ह, गादी," मी म्हटलं.

"चोरानं नेण्यासारखं काहीच न्हाई," ते जरा नाराजीनं म्हणाले. मग स्वतःच सावरून घेतलं. "तरी दार आहे म्हंजे चोर आहे."

खोली पुढच्या अंगाला होती, दार थेट गल्लीवर. ते दिवस गारखेडा भरत चालल्याचे. दोन कॉलन्यांच्या मधे अजून ज्वारीची शेतं होती. पुरुष कारखान्यांत आणि कचेऱ्यांत, बऱ्याच बायका शाळांत नोकरीला. दुपारी गल्लीत कुलपं, कुत्री आणि पेशकार काका एवढेच असत. मी यायच्या आधी अशाच एका दुपारी पलीकडच्या कॉलनीत घर फुटलं होतं. पितळी भांडी, पंखा, बाईच्या लग्नातल्या साड्या, सगळं गेलं. चोरानं जाताना दार नीट ओढून घेतलं होतं, म्हणून संध्याकाळपर्यंत शेजाऱ्यांना पत्ता नव्हता.

आमची गल्ली हादरली. मारुतीच्या पारावर बैठक भरली आणि गुरखा ठेवायचा ठराव पुढे आला. काका उभे राहिले. "गुरखा रात्रीचा. घर फुटतं दुपारी. तुमचं डोकं दुखायलंय आन् तुम्ही गुडघ्याला बाम लावायलात." मग त्यांनी चोराचं वर्णन केलं. रात्री काळी घोंगडी पांघरून येतो तो गोष्टीतला चोर. खरा चोर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जेवणाच्या सुटीनंतर येतो आणि कुलूप बघतो. "कुलूप म्हंजे काय? पाटी आहे पाटी. 'या, घरात कुणी न्हाई' अशी."

"मग कुलूपच लावू नये की काय?" असं एका इंजिनियरनं विचारलं. काका नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ त्या बैठकीतल्या प्रत्येकाला पुढे कधी ना कधी कळला, पण एकेकट्याला.

मला कळला तो मी राहायला आल्यावर आठवड्याच्या आत. एका संध्याकाळी काका दारात आले. हातात टायरच्या तळाच्या वहाणा होत्या, जुन्या पण दणकट, इतक्या मोठ्या की माझी दोन्ही पावलं एकीत मावली असती. इकडे तिकडे बघून आवाज उतरवून म्हणाले, "फक्त तुलाच सांगायलोय. कुणाला बोलायचं न्हाई. गल्लीला कळलं की संध्याकाळी बसस्टँडला कळतं."

मग त्यांनी जे सांगितलं, त्यावरच त्यांचा सगळा डोलारा उभा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, निजामाच्या अमलात, एका घरफोड्याला कोर्टात आणलं होतं. न्यायाधीशानं विचारलं, एवढ्या मोठ्या मोहल्ल्यात तू हेच घर का निवडलंस? तो म्हणाला, "हुजूर, दरवाज़े पे जूती नहीं थी." काकांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं उर्दूत लिहिलं. पुढे राज्य गेलं, कोर्टाची भाषा बदलली, काका मराठीत लिहायला शिकले. आणि बऱ्याच वर्षांनी त्याच पिंजऱ्यात उभा राहून दुसरा एक चोर, ज्यानं पहिल्याचं नावही ऐकलेलं नव्हतं, म्हणाला, "साहेब, दारात चप्पल नव्हती."

"राज्य बदललं, भाषा बदलली," काका म्हणाले. "जबानी तीच."

ती दुसरी जबानी लिहिली त्या दिवसापासून त्यांनी चपला जमवायला सुरुवात केली. पैठण गेटजवळ एक चपला शिवणारा होता. लोक दुरुस्तीला टाकून जातात आणि न्यायलाच येत नाहीत, अशा चपला तो काकांसाठी बाजूला ठेवायचा. त्या काकांच्या घरी एका पोत्यात असत. कुणी गावाला जाणार असलं, कुणाच्या घराला दिवसभर कुलूप असलं, की काका त्या घरच्यांना शपथ घालून कुलूप मागच्या दाराला लावायला सांगत आणि एक जोड पुढच्या, आतून कडी घातलेल्या दारात नेऊन ठेवत. तेही उगाच ठेवत नसत. एक चप्पल सरळ, दुसरी जराशी तिरकी, तिचा अंगठा पहिलीच्या टाचेवर चढलेला. "नीट ठेवलेली चप्पल दुकानातली वाटती. घाईनं घरात शिरला, असं वाटलं पाहिजे." सकाळ-संध्याकाळ ते फेरी मारून प्रत्येक जोड थोडी थोडी सरकवत. पावसाळ्यात तळाला चिखल लावत. आणि घरातल्या माणसाच्या पायाला शोभेल अशीच जोड निवडत. हेडमास्तरांच्या दारात काळे बूट, तर किराणावाल्याच्या दारात अंगठा झिजलेली कोल्हापुरी.

"पण काका," मी विचारलं, "माझ्या दारात पुरुषाच्या वहाणा बघून लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, घरात माणूस आहे. तेच तर म्हणायला पाहिजे."

आपल्याकडे माणूस या शब्दाचे किती अर्थ होतात, हे कोर्टात जन्म घालवलेल्या माणसाला सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं. मलाही तेव्हा ते सुचलं नाही. मला गंमत वाटली. मी त्या वहाणा ठेवून घेतल्या.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्याला "यांचं पायपुराण" म्हणायच्या. नवरा सकाळी लोकांच्या दारात वाकलेला दिसतो, पाहुणे विचारतात की हे काय करतात, आणि त्यांना उत्तर देता येत नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती. "नवस फेडायलेत, असं सांगते," त्या मला म्हणाल्या होत्या.

एकदा मात्र किराणावाल्याच्या दारातली कोल्हापुरीच चोरीला गेली. मला वाटलं, आता काका खचले. पण ते पेढे वाटायला निघाल्यासारखे माझ्याकडे आले. "बघ. चोर दारापर्यंत आला, चप्पल बघितली, आत माणूस आहे म्हणून परत गेला. जाताना जोड घेऊन गेला, तेवढी त्याची मजुरी." मागचं कुलूप शाबूत होतं हे खरं. एखादं कुत्रं ओढून नेऊ शकतं, असं मी सुचवलं. "दोन्ही?" काकांनी विचारलं, आणि विषय संपला.

कोपऱ्यावरच्या घरात एक वहिनी राहत होत्या. त्यांचे यजमान जालन्याला नोकरीला, शनिवारी येत, सोमवारी जात. त्या स्वभावानं वाईट नव्हत्या, फक्त पोटात काही राहत नसे. त्यांच्या माहेरचं एक लग्न आमच्या शेजारच्या गावात निघालं. पंगतीत गावाच्या नावावरून ओळख निघून आमचे दादा भेटले, आणि वहिनींनी अगदी काळजीनं सांगितलं, "पोरगी लई गुणाची हो तुमची. फक्त दारात त्या मोठ्या वहाणा कुणाच्या असतात, तेवढं विचारा."

दादा दुसऱ्याच रविवारी आले, न कळवता. मी केस धुऊन पायरीवर वाळवत बसले होते. गल्लीच्या तोंडाशी काकांचा आवाज आला.

"कोणाकडं?"

"लेकीकडं."

"कोणती लेक?"

"माझी लेक. तुमाला काय करायचंय?"

"मलाच तर करायचंय," काका म्हणाले. तेवढ्यात हे माझे वडील हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते हात जोडत उठले. दादा त्यांच्याकडे न बघता पुढे आले. माझ्याकडेही त्यांनी बघितलं नाही. त्यांची नजर दारातल्या वहाणांवर होती. त्यांनी आपल्या पायातली वहाण काढली आणि त्या मोठ्या वहाणेत पाय घातला. आमचे दादा चांगले उंचेपुरे. तरी टाचेमागं जागा उरली.

"कोणाचं पायताण हाय हे?"

"चोरासाठी आहे, दादा," मी म्हणाले. याहून वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

"चोरासाठी? म्हंजी चोरून येतो व्हय?"

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. कुलूप, पाटी, निजामाच्या वेळचा चोर, सगळं. सांगता सांगता माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गठुडं बांध. दुपारची गाडी हाय."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो मी लपवला नाही. "बांधण्यासारखं मी काही केलेलं नाही," मी म्हणाले. "नोकरी माझी आहे. ती मी अशी सोडणार नाही." बापाला असं उलट बोलले ते आयुष्यात पहिल्यांदाच. दादा माझ्याकडे पाठ करून पायरीवर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. आता ते उठले की मला हाताला धरून नेणार, आणि एकदा मी गावात गेले की परत येणं नाही, हे मला कळत होतं.

काका मधे पडले. "पाटील, वहाणा माझ्या आहेत. मीच ठेवल्या."

दादांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. काकांचं पाऊल बाईमाणसासारखं लहान होतं. "तुमच्या भाडेकरणीची बाजू तुम्ही घेणारच. दुसरा कोण गवाह हाय?"

गवाह हा शब्द काकांच्या जिव्हाळ्याचा. एरवी ते खुलले असते, पण आता फाटकाकडे बघायला लागले. गवाह होते की. सगळी गल्ली गवाह होती. पण प्रत्येकाला त्यांनी "फक्त तुम्हालाच" म्हणून शपथ घातली होती, आणि ती गाठ सोडली की इतक्या वर्षांचं काम संध्याकाळी बसस्टँडवर.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या, "अहो, पोतं काढा."

"सगळ्यांना कळंल."

"पोरगी जाईल."

काका आत गेले. बाहेर आले ते पोतं फरफटत. ते माझ्या दारासमोर ठेवून ते गल्लीभर फिरले आणि प्रत्येक फाटकाशी कोर्टातल्या शिपायासारखे ओरडले, "हाजिर हो!" रविवार असल्यामुळे सगळे घरी होते. हेडमास्तर तोंडाला साबण तसाच ठेवून आले. किराणावाला बनियनवर आला. कोपऱ्यावरच्या वहिनी हात पुसत आल्या, आणि दादांना बघून जरा मागेच थांबल्या. काकांनी पोतं उलटं केलं. बूट, सँडल, कोल्हापुरी, स्लिपर असा ढीग पडला.

"मुद्देमाल ओळखा," काका म्हणाले.

कुणी बोलेना. सगळे शपथेनं बांधलेले. हेडमास्तर बुटांकडे बघून आभाळाकडे बघायला लागले. ही माणसं काकांना दिलेला शब्द पाळतील आणि त्यापायी मी गावाला जाईन, असं दिसायला लागलं. काका म्हणाले, "शपथ सुटली. बोला."

पहिल्या बोलल्या त्या कोपऱ्यावरच्या वहिनीच. त्यांना राहवलंच नाही. पुढे होऊन तपकिरी सँडल उचलून म्हणाल्या, "अगं बाई, ह्या तर आमच्या. हे जालन्याला गेले की असतात दारात."

"बूट आमच्याकडचे," हेडमास्तर म्हणाले. "दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी पॉलिशसुद्धा केलं होतं."

"तुमच्याकडंबी?" किराणावाला म्हणाला. "मला तर 'फक्त तुम्हालाच' म्हणून सांगितलं."

मग एकच हशा उठला. जो तो आपली जोड शोधायला लागला, एकाच जोडीवर दोन घरं हक्क सांगायला लागली. हेडमास्तरांच्या तोंडावरचा साबण वाळून गेला होता. काका मात्र हसले नाहीत. ते दादांसमोर उभे राहिले. "गवाह पुरे का?"

दादांनी माझ्या दारातल्या वहाणांकडे बोट केलं. "आन् ह्या?"

"ह्या हिच्या. गल्लीत एकटी राहती म्हणून सगळ्यात मोठ्या हिला दिल्या."

"घरात माणूस न्हाई म्हणून?"

"असं कोण म्हणलं?" काका म्हणाले. "माणूस तर ती आहेच. चोराला ते कळत न्हाई, म्हणून चप्पल."

वहिनी हातातली सँडल उलटीसुलटी करून बघत राहिल्या. मला त्या क्षणी काकांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, ते मी पडले नाही याची रुखरुख नाही, कारण त्यांनी आधी विचारलं असतं, "कशाला?"

दादा दुपारी काकूंच्या हातची पिठलं-भाकरी जेवले आणि गाडीला निघाले. गठुड्याचा विषय निघाला नाही. पायरी उतरताना त्यांनी त्या टायरच्या वहाणा पायात घातल्या.

"दादा, चुकलं. त्या तुमच्या नाहीत."

"चुकलं न्हाई," ते म्हणाले. "लेकीच्या दारात खोटं पायताण कशाला? माझं ऱ्हाऊ दे." आणि त्या सैल वहाणा फटफट वाजवत ते गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागले. तेव्हा मात्र मला रडू आलं.

गुपित फुटल्यावर आता चोरी होणार, असं काका रोज ठासून सांगायचे. मी त्या गल्लीत होते तोवर ती झाली नाही. झालं एवढंच की बायका उघड उघड जोड्यांची अदलाबदल करायला लागल्या, आणि काकांचं काम वाढलं. कोण कशी चप्पल ठेवतं यावर ते फिरून फिरून बोलायचे. "ही काय ठेवायची रीत झाली? चोर येणार आहे का पाहुणा?" असं म्हणून स्वतः वाकून तिरकी करून द्यायचे.

माझ्या दाराशी मात्र त्यांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत ते नेहमीसारखे वाकले. दादांच्या वहाणांना आमच्या शेतातली काळी माती कडेकडेनं वाळून बसली होती. काका तसेच सरळ झाले. "हिला सरकवायची गरज न्हाई," म्हणाले. "ही खरी आहे. कशीबी ठेवली तरी चालती."

दादा पुढे दिवाळीच्या तोंडावर फराळाचा डबा घेऊन आले. पायात त्याच टायरच्या वहाणा. काकांनी गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या पायांकडे बघितलं, ओळखलं, आणि काहीच विचारलं नाही. त्या फाटकावरून न विचारता आत जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. दादा दोन पावलं पुढे आले आणि थांबले. वाट बघितल्यासारखे क्षणभर तसेच उभे राहिले. मग मागे वळून स्वतःच म्हणाले,

"लेकीकडं."

"जा," काका म्हणाले. "माणूस घरात आहे."